कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या वकीलसाहेबांच्या शब्दावर मतदारांनी एकदाच विश्वास ठेवला. कावळ्यांनी मात्र कायम ठेवला.

मुळशी तालुक्यात कुठेही दशक्रिया असो, साहेब हजर. पौडला वकिली करता करता ते आमदार झाले, पाच वर्षांनी पडले, आणि तेव्हापासून नदीकाठचे घाट हाच त्यांचा मतदारसंघ. गाडी गेली, कार्यकर्ते गेले. उरलो मी, त्यांचा शेजारी, एक निवृत्त मास्तर, आणि माझी स्कूटर.

श्रद्धांजलीचं भाषण तर ते करतच, पण खरी कमाल पुढे. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की लोक साहेबांकडे बघत. साहेब काळ्या कोटाची बटणं लावून पुढे होत आणि झाडाकडे तोंड करून बोलू लागत. "मयताची मागणी आमच्या कानावर हाय. वस्तीचा रस्ता यंदा होणार म्हंजे होणार. रेकॉर्डवर घ्या." कावळा खाली उतरलाच समजा. नांद्याला एका म्हातारीच्या पिंडापुढे त्यांनी "हिरीजवळचा तुकडा कुणी इकणार न्हाई" असा शब्द परस्पर देऊन टाकला. कावळा आला, आणि म्हातारीच्या दोन्ही मुलांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. कुणाच्या मनात काय राहून गेलंय, हे या माणसाला बरोबर ठाऊक असे. जन्मभर लोकांचे अर्जच वाचले होते ना.

घरचा एक अर्ज तेवढा पडून होता. रोज बाराच्या सुमाराला माझा मोबाईल वाजे. पलीकडे वहिनी, साहेबांच्या पत्नी. "भावजी, साहेब जेवायला येत्यात का, इचारा की." साहेब स्वतःचा फोन उचलत नसत. मागच्या सीटवरून उत्तर येई, "विचाराधीन हाय म्हणावं." मग आम्ही कासारसाईच्या लग्नात, नाहीतर उरवड्याच्या वास्तुशांतीत पंगतीला बसायचो. वहिनी त्यांच्याआधी घास घेत नाहीत, हे मला माझ्या बायकोकडून कळलं. मी एकदा तसं साहेबांना सांगितलंही. तिला जेवून घ्यायला सांगा म्हणाले, आणि वाढप्याकडे आणखी एक जिलेबी मागितली.

गेल्या माघात वहिनी गेल्या. दहाव्याला घाटावर ही गर्दी. साहेबांनी आजवर लावलेल्या हजेऱ्या तालुक्याने एका दिवसात फेडल्या. झाडावर कावळे भरपूर होते, पण खाली एकही येईना. मुलगी म्हणाली, आई, बाबांना मी पुण्याला घेऊन जाते. भाचा म्हणाला, मामी, म्हशीचं मी बघतो. काही उपयोग झाला नाही. सगळे साहेबांकडे बघू लागले. मीही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, हिला काय हवं हुतं वो?"

साऱ्या तालुक्यातल्या मेलेल्या माणसांच्या मनातलं ओळखणारा माणूस हे मला विचारत होता. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. म्हटलं, "तुम्ही दुपारी घरी जेवायला यावं, एवढंच."

ते पिंडापुढे जाऊन उभे राहिले. कोटाची बटणं उघडीच होती. "उद्यापासून येतो," एवढंच म्हणाले. रेकॉर्ड वगैरे काही नाही.

कावळा आला नाही. ऊन चढलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले.

आता साहेब कुठेही असोत, साडेअकरा वाजले की माझ्या खांद्यावर थाप पडते, "चला, घरी." भात स्वतः लावतात, बहुतेक वेळा करपवतात. पहिला घास कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतात आणि ताट झाकून पायरीवर बसून राहतात. काल अडीच वाजले तरी भिंतीवर काही उतरलं नव्हतं. शेवटी मीच आमच्या अंगणातून म्हटलं, "साहेब, जेवून घ्या आता."

"तुमी घ्या जेवून," ते म्हणाले. "ती थांबायची. मी बी थांबतो."