कॅरमबोर्डाच्या नावानं बैल

राजेहो, खोटं सांगत नाही! सन चौऱ्याहत्तरच्या सुमारास केनवडात माझ्या बोटाचा असा दरारा होता, की मी स्ट्रायकर हातात घेतला की समोरचा माणूस आपणहून राणी काढून माझ्या हवाली करायचा! मी मूळचा कारंज्याचा. केनवडला गणिताचा मास्तर म्हणून आलो आणि बघता बघता युवक मंडळाच्या कॅरम टीमचा कप्तान झालो. गणित किती पोरांना आलं ते तेवढं विचारू नका.

माझ्या बोटाला एक खोड मात्र होती. स्ट्रायकर असो-नसो, ते आपलं चालूच! जेवताना ताटाच्या कडेला टिचकी, शिकवताना फळ्याला टिचकी. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांच्या टोपीवर माशी बसली होती, तिला टिचकी! माशी उडाली, टोपीही उडाली. साहेबांनी शेरा काय लिहिला ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पण माझं बोट जेवढं तरणं, तेवढाच मंडळाचा बोर्ड म्हातारा. मध्ये फुगलेला, कडेला खचलेला. जाळ्या कधीच्याच फाटल्या होत्या. आमच्या फय्याज टेलरनं त्यांच्या जागी शर्टाचे खिसे शिवून लावले होते, तेही बटणासकट! सोंगटी गेली की बटण काढून ती बाहेर घ्यायची. वाशीमची टीम खेळायला आली, तेव्हा त्यांचा कप्तान उदयसिंग पाटील, हाडाचा शेतकरी, बोर्डावरून हात फिरवत म्हणाला होता, "बोर्ड हाये का वखरलेलं वावर? पुढच्या खेपेले आमी आमचाच बोर्ड घेऊन येऊ!"

पाहुण्यांनी जेवायला येताना आपापली ताटं घेऊन यावीत, तसं झालं हे. मंडळाला झोंबलं. आणि वाशीमची टीम तर येत्या रविवारी येणार होती! तातडीनं सभा बसली. जुना बोर्ड दुरुस्त करायचा, की नवाच आणायचा?

"दुरुस्त करू," फय्याज म्हणाला. "चौकट नवी टाकू, वरचं फळकूट नवं टाकू, जाळ्या नव्या टाकू. हाय काय अन् नाय काय!"

"मंग त्यात जुनं काय राह्यलं बे?" मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव गरजले. पंजाबरावांचं शेत मोठं, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा.

"मंडळाचं नाव! ते लिवलेलं हाये ना बोर्डावर."

"ते बी चौकटीवरच लिवलं हाये, अन् चौकट त तू फेकून राह्यला!"

झालं! अर्धी सभा दुरुस्तीची, अर्धी नव्याची. कोणी म्हणे आपल्याच सुताराकडून करून घेऊ, कोणी म्हणे नको, मागं त्यानं माझी खाट दुरुस्त केली तर ती झोपायच्या कामाची राहिली नाही. शेवटी मी उठलो. गणिताचा माणूस, शांतपणे म्हणालो, "सभासदहो, प्रश्न सोपा आहे. जुना बोर्ड वाशीमच्या दुकानात नेतो, त्याची किंमत वळती करून घेतो, वर वर्गणी घालतो आणि कोरा करकरीत बोर्ड घेऊन येतो. जुनं गेलं, नवं आलं, वर्गणीही थोडी वाचली. व्यवहार म्हणतात याला!"

टाळ्या पडल्या. पंजाबरावांनी वर्गणीचं पुडकं माझ्या हातात ठेवलं, पण सोडलं नाही. "मास्तर, रविवारी म्याच हाये. नवा बोर्ड गावात आला नाही त तुमची कप्तानी गेली. मंग कप्तान फय्याज."

"मंजूर!" मी म्हणालो. कप्तानी गेली म्हणजे काय हो? गावात मला नमस्कार पडायचे ते काय गणितामुळं?

बाजाराच्या दिवशी सकाळीच जुना बोर्ड सुतळीनं बांधला, काखेत मारला आणि फय्याजला घेऊन एसटीच्या फाट्यावर गेलो. एसटीचा पत्ता नाही. शेजारीच गुरांचा बाजार भरलेला. फय्याज चहा प्यायला गेला आणि मी बोर्ड झाडाला टेकवून बैलांच्या गर्दीत उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे, बोट चालूच होतं. मनातल्या मनात उदयसिंगविरुद्ध डाव मांडला होता आणि एकेक सोंगटी टिपत होतो.

तेवढ्यात समोरून सेवादास नावाचा एक दलाल आला. गळ्यात दुपट्टा, तोंडात पान. माझ्या वळवळणाऱ्या बोटाकडं त्यानं रोखून पाहिलं आणि खुशीत हसला. मग जवळ येऊन माझा हात हातात घेतला आणि त्यावर दुपट्टा टाकला.

मला वाटलं, कॅरमचा शौकीन दिसतो! माझी पकड कशी आहे ते तपासतोय, आणि लोकांना कळू नये म्हणून झाकून! कीर्ती कुठवर पोचते पाहा. मी म्हटलं, पाहा बाबा. आधी त्याला साधी टिचकी दाखवली.

"वा मास्तर!" सेवादास म्हणाला. "पन जरा अजून येऊ द्या!"

मी दोन बोटांची कैची दाखवली. त्यानं माझी बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मी खास ठेवणीतला, अंगठ्याचा उलटा मार दाखवला. सगळी बोटं पसरून!

"बस्स!" सेवादासनं दुपट्टा ओढून आकाशात फिरवला. "सौदा पक्का! मास्तरनं बैल घेतला!"

बैल? कोणता बैल? मागं वळून पाहिलं, तर एक पांढुरका, एक शिंग खाली झुकलेला बैल माझ्या मानेवर श्वास सोडत उभा!

आता तुम्ही हसाल. आमच्या वऱ्हाडात बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत, दुपट्ट्याखाली बोटं धरून करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी कारंज्याच्या दुकानदाराचा पोरगा! मी बैल पाहिला तो पोळ्याला, तोही ओट्यावर उभा राहून! त्या दुपट्ट्याखाली मी टिचक्या मारत होतो आणि सेवादास भाव वाढवत होता.

"अहो, मला बैल नको! मला बोर्ड पाहिजे!" मी ओरडलो.

गर्दी जमली. बैलाचा म्हातारा मालक तोवर बैलाच्या गळ्यात पडून रडायला लागला होता. "मास्तर, लेकरावानी वाढवला जी. तुमच्या घरी सुखात राह्यल." माणसं म्हणाली, "मास्तर, दुपट्टा उठला म्हंजे शब्द गेला. शब्द फिरवता काय? पोराईले काय शिकवान?" शेवटच्या प्रश्नावर मी खिशात हात घातला. वर्गणीचं पुडकं म्हाताऱ्याच्या बंडीत गेलं. त्यानं बैलाचं दावं सोडून खांद्यावर टाकलं. विकलेल्या बैलाचं दावं देत नाहीत म्हणे, लक्ष्मी जाते! मग बैल बांधायचा कशानं? बोर्डाची सुतळी सोडली आणि बैलाला बांधली.

फय्याज चहा पिऊन आला. त्यानं बैल पाहिला, मला पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, "चार कोपऱ्याले चार जाळ्या कशा लावाच्या याले?"

डोक्यावर बोर्ड, हातात बैल, मागं पोरांची मिरवणूक, असा मी घरी आलो. विमल, म्हणजे आमची बायको, दारातच उभी होती. ती शेतकऱ्याची लेक.

"अवो, हे काय हाये?"

"बैल."

"ते दिसून राह्यलं! बोर्ड कुठी हाये?"

"डोक्यावर."

"अन् नवा?"

मी बैलाकडं बोट दाखवलं. तिनं बैलाभोवती एक चक्कर मारली, मानेवरचा घट्टा चाचपला. "डाव्या अंगाचा हाये."

"असू दे. मी उजव्या हाताचा आहे!"

तिनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात पंजाबराव आले. त्यांनी बैलाचं तोंड उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. "मास्तर, दात पाह्यले होते काय घेताना?"

"दात कशाला पाहू? मी काय त्याला चिवडा चारणार आहे?"

"तुमाले बोर्ड बदलाले धाडलं, अन् तुमी बोर्डाहून म्हातारा बैल घेऊन आले! रविवारी नवा बोर्ड नाही दिसला त याद राखा!"

माझी झोप उडाली, तरी मी हिंमत सोडली नाही. नवा नाही तर नाही, जुनाच असा दुरुस्त करीन की नव्यासारखा दिसेल! शनिवारी बोर्ड काचेनं घासला, फुगवटा बसावा म्हणून ओल्या फडक्यानं पुसला आणि उन्हात अंगणात आडवा टाकला. वर वजन पाहिजे म्हणून आत पाटा आणायला गेलो.

बाहेर धाडकन आवाज झाला.

सुतळीच ती! किती दम धरणार? बैल सुटून आला होता आणि माझ्याकडं प्रेमानं पाहत बोर्डाच्या मधोमध उभा होता. एक पाय बोर्डाच्या आरपार! पाचवं भोक! दुरुस्त करायचा की बदलायचा, हा मंडळाचा प्रश्न बैलानं एका पायात निकाली काढला.

"आता काय करू गं?" मी खाली बसलो. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

"बैलाच्या पायाले लागलं काय ते पहा आधी," विमल म्हणाली.

रविवार उजाडला. वाशीमची टीम एसटीतून उतरली. उदयसिंगच्या डोक्यावर चादरीत गुंडाळलेला त्यांचा कोरा बोर्ड! सारं गाव माझ्या अंगणात जमलं होतं, म्याच पाहायला कमी आणि माझी फजिती पाहायला जास्त. पंजाबरावांनी फय्याजला नवी टोपीसुद्धा घालून आणली होती. मी भिंतीला चिकटून उभा.

उदयसिंग काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची नजर गोठ्याकडं गेली. आम्हाला गोठा नव्हता, न्हाणीचाच गोठा केला होता. तो तिकडं चालायला लागला. बोर्ड डोक्यावरच!

"हा बैल कोनाचा? डाव्या अंगानं चालते काय?"

"डाव्याच," विमल पुढं झाली. "उजवीकून जुंपला त जागचा हालत नाही."

उदयसिंगचा चेहरा बदलला. मिरग, म्हणजे पेरणीचा हंगाम, तोंडावर आला होता, त्याच्या जोडीतला डावा बैल गेल्याच महिन्यात मेला होता आणि उरलेला उजवा कोणत्याच सोबत्याशी जमवून घेत नव्हता. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सवयीनं माझ्याकडं वळला. मी दोन्ही हात पाठीमागं लपवले!

"दुपट्टा ठिवा बाजूले," विमल म्हणाली. "तोंड हाये ना? उघड्यावर बोला. बैलाच्या बदल्यात बोर्ड!"

"वयनी, बोर्ड कोरा हाये! बैल म्हातारा हाये!"

"मंग जुंपा बोर्ड तिफनीले!"

अंगण हसलं. उदयसिंगनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, बोर्डाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि डोक्यावरचा बोर्ड उतरवून विमलच्या पुढ्यात ठेवला.

मी जवळजवळ नाचलो! नवा बोर्ड गावात आला! रविवारी आला! कप्तानी राहिली! पंजाबरावांनी मुकाट्यानं फय्याजची टोपी काढून खिशात घातली. मी ऐटीत बोरिक पावडर उडवली आणि खेळायला बसलो.

पुढचं जरा लवकर सांगतो. आयुष्यभर वखरलेल्या वावरात खेळलेला माणूस मी! कुठं उतार, कुठं चढ, सगळं बोटाला पाठ. या बोर्डाला ना उतार ना चढ! मी मारायचो राणीला आणि स्ट्रायकर जाऊन पडायचा पंजाबरावांच्या धोतरात. वाशीमनं आम्हाला असं धुतलं, की शेवटी शेवटी उदयसिंगच मला म्हणायला लागला, "मास्तर, अजून एक मारून पहा."

पाहुणे निघाले. बैलाला नवं दावं बांधून झालं होतं. तेव्हा पंजाबराव माझ्या खांद्यावर हात ठेवून उदयसिंगला म्हणाले, "पाटील, बैलासंगं आमचा कप्तान बी घेऊन जा. वरकड म्हून, फुकट!"

उदयसिंग थांबला. माझ्याभोवती त्यानं सावकाश एक चक्कर मारली. माझं बोट उचलून पाहिलं, वाकवून पाहिलं, सोडून दिलं. सारं गाव श्वास रोखून. मलाही, का कोण जाणे, वाटून गेलं की यानं हो म्हणावं!

"नको जी," तो म्हणाला. "बैलाचं काम तरी पडते."

आणि बैल घेऊन चालता झाला. मी विमलकडं पाहिलं. म्हटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एक लांब उसासा टाकला.

"बदलून त कोनी देऊन नाही राह्यलं," ती म्हणाली. "आता दुरुस्तीच पहा लागन!"