एका खुर्चीचे साठ मालक

कल्याणआप्पांनी किराणा दुकानाच्या गादीवर तीन चकचकीत कागद मांडले होते आणि मुलीला सांगून आलेली स्थळं पाहावीत तसे ते एकेक उचलून निरखत होते. कागद त्यांच्या पुतण्यानं, बसवेशनं आणले होते. बसवेश औरंगाबादला एका नव्या खाजगी बँकेची कार्डं विकत असे. तेव्हा खाजगी बँका नव्या होत्या, खाजगी विमानं नवी होती, आणि दोघांनाही गिऱ्हाईक कमी पडत असल्यामुळे त्यांनी आपसात सोयरीक केली होती.

"काका, लई सोपं हाय," बसवेश म्हणाला. "दुकानात रोख द्यायचं न्हाई. हे कार्ड घासायचं. शंभर रुपयांला पॉइंट मिळतो. पॉइंट साठले की विमानात फुकट बसायचं."

'फुकट' हा शब्द आप्पांच्या कानात तूप सोडल्यासारखा गेला. नांदूरघाटात आप्पांची ख्याती अशी की, दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकताना ते निम्म्याच टाकत आणि उरलेल्या खिशातून घरी आणून पोत्यात ओतत.

"पॉइंट वाळतो का बे?" आप्पांनी विचारलं.

"वाळतो म्हंजे?"

"गूळ ठेवला की वाळतो. खारीक वाळती. वजनात तूट येती. तसं."

"तीन वर्षांत वापरले न्हाईत तर रद्द होतात."

"म्हंजे वाळतो," आप्पा म्हणाले आणि एक कागद बाजूला सरकवला, कारण त्यावरचा पॉइंट दोनच वर्षांत वाळत होता.

दुसऱ्या कार्डावर पेट्रोलला दुप्पट पॉइंट होते आणि वर एक चामड्याची बॅग. बसवेशचा सगळा जोर त्यावर होता. त्याला कमिशनही त्यावरच जास्त होतं. पण आप्पांकडे एक लुना होती आणि उतार लागला की ते तिचंही इंजीन बंद करत. तिसऱ्या कार्डावर पेट्रोलला भोपळा, मात्र कापड, भांडी आणि सोनं यांवर तिप्पट. आप्पांनी डोळे मिटले. त्यांना बंद डोळ्यांपुढे गावातली लग्नाची पोरं दिसू लागली.

"हे घे," ते म्हणाले.

आतून डाळ निवडता निवडता मल्लम्मा बोलल्या, "आवं, तीस वर्सं झाली, कपिलधारच्या पुढं न्हेलं न्हाई मला. विमानात मी बी हाय का?"

"दोघं बी बसू. आदी मी बसून बघतो, मंग तू."

"जेवायला बी असंच म्हणता तुमी," मल्लम्मा म्हणाल्या. पण आप्पांनी देवघराकडे हात करून शब्द दिला, आणि मल्लम्मांनी तो शब्द डाळीतल्या खड्यासारखा वेगळा काढून नीट ठेवला.

ज्यांना बस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न ठरलं की दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं जीप भरून शहरातल्या कापडदुकानात जातात आणि मामीच्या साडीपासून न्हाव्याच्या टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. नांदूरघाटचे बस्ते औरंगाबादला होत. आप्पा आता प्रत्येक बस्त्याला हजर राहू लागले. साड्यांचा ढीग झाला, हिशेब झाला की आप्पा बंडीच्या आतल्या खिशातून कार्ड काढत, कपाळाला लावत आणि मशीनवर घासत. वधूपिता तेवढी रोकड त्यांच्या हातात मोजून देई. कुणाचं काही जात नव्हतं. आप्पांना पॉइंट मिळे आणि वर जेवण मिळे.

दोन वर्षांत असं झालं की, गावात पत्रिका छापताना 'कार्यवाहक' म्हणून आप्पांचं नाव घालू लागले.

खरी गोम पुढेच आहे. आपल्याकडे कुणाचं फुकटात भलं होतंय हे कळलं, की त्यात आपला वाटा किती ते माणूस आधी बघतो. एक दिवस गहिनीनाथ दुकानात आला. त्यानं पोरीच्या लग्नात फ्रिज, कपाट आणि सगळी भांडी कार्डावर घेतली होती.

"आप्पा, माज्या फ्रिजचे किती झाले?"

"काय किती?"

"पॉइंट. तू विमानात बसशील, पण निम्मा पाय माजा असंल ना त्यात?"

त्याच्या मागोमाग म्हाळू आला. त्याच्या दोन पोरांचे बस्ते होते. त्याच्या मते अख्खी पाठ टेकायची जागा त्याची होती. आठवड्यात साठ मालक झाले. साठ मालक झाले म्हणजे संस्था झाली, संस्था झाली म्हणजे अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष म्हटलं की तालुक्यात अर्जुनराव लागतात. दूध, पाणी, पतपेढी, भजनी मंडळ, सगळीकडे तेच अध्यक्ष होते. त्यांनी ग्रामपंचायतीत बैठक घेतली, आप्पांना चिटणीस केलं आणि पहिला ठराव मांडला की, संस्थेच्या वतीनं अध्यक्षांनी विमानाचा अभ्यास दौरा करावा.

बसवेश कोपऱ्यातून म्हणाला, "साहेब, तिकीट कार्डवाल्यालाच मिळतं. न्हाईतर त्याच्या घरच्या माणसाला."

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग आप्पा, आम्हाला दत्तक घ्या. कागदापुरतं."

दारात उभ्या असलेल्या मल्लम्मा शांतपणे म्हणाल्या, "माज्या पदरात साठ वर्सांचं लेकरू नको. त्याच्या लंगोटाला धोतर लागंल."

ठराव पडला. अर्जुनरावांच्या हयातीत पडलेला तो पहिलाच ठराव. शेवटी पॉइंट एकाच माणसापुरते, तेही एका बाजूचे निघाल्यामुळे असं ठरलं की, आप्पांनी मुंबईला जावं, एसटीनं परत यावं आणि प्रत्येक मालकाला त्याच्या वाट्याचं काय दिसलं ते सभेत सांगावं.

आता माणूस फुकट जातोय म्हटल्यावर निरोपाचा खर्च त्यानं करायचा हे ओघानंच आलं. आदल्या दिवशी गावजेवण झालं. पुरणपोळ्या झाल्या, अर्जुनरावांचं भाषण झालं, भाषण संपता संपता जीपा निघायची वेळ झाली. औरंगाबादच्या विमानतळावर चाळीस माणसांनी आप्पांना हार घातले. दारावरच्या शिपायानं हार उतरवायला लावले तेव्हा आतले आप्पा बाहेर आले. तोवर नुसती झेंडूची पोती चालत आहेत असंच वाटत होतं.

आप्पा खुर्चीत बसले. खिडकी मिळाली होती. एका पोरीनं येऊन पट्टा आवळून दिला. वरून गार वारा आला. दोन रात्रींचं जागरण, पोटात सात पोळ्या आणि कटाची आमटी. आप्पांनी विचार केला, विमान हलेपर्यंत जरा डोळा मिटू.

"सर, मुंबई आली," ती पोरगी खांदा हलवत होती. विमानात दुसरं कुणी नव्हतं.

आप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर डांबरी मैदान होतं, तसं तर केजच्या बाजारतळालाही आहे. "खायला दिलं व्हतं का काही?" त्यांनी विचारलं. दिलं होतं. तेही गेलं.

परतीच्या एसटीत मात्र आप्पांना अजिबात झोप आली नाही. साठ माणसं वाट पाहत होती. दोन वर्षं गोळा केलेल्या पॉइंटांवर आपण घोरलो हे सांगायचं, तर पुढचा बस्ता कोण कार्डावर करणार? आणि बस्ते नाहीत तर मल्लम्माची खुर्ची कुठून येणार?

सभेत आप्पा उभे राहिले तेव्हा ग्रामपंचायतीच्या खिडक्यांतही माणसं बसली होती.

"वर गेलो," आप्पा म्हणाले, "आणि खाली बघतो तर आपलं नांदूरघाट."

सुंदरराव गुरुजी भूगोल शिकवत. त्यांनी हात वर केला. "मुंबईला जाणारं विमान उलटं इकडं कावून येईल?"

"वळवून घेतलं. ड्रायव्हरला म्हणलं, बाबा, साठ मालक हायेत, एक चक्कर मार."

"गुरुजी, यष्टी फाट्यावर थांबती," अर्जुनराव अध्यक्षीय आवाजात म्हणाले, "तर विमान गावावरून वळणार न्हाई? पुढं बोला आप्पा."

आप्पांना सूर सापडला. त्यांनी अर्जुनरावांचा बंगला ढगातून ओळखला. साखराबाईचं वाळवण ओळखलं, त्यावर कोंबडी चढली होती. प्रत्येकाला त्याचं त्याचं दाखवलं आणि प्रत्येकजण मान डोलावत गेला. पण सगळंच गोड सांगितलं तर लोकांना शंका येते हे आप्पांना चाळीस वर्षांच्या दुकानदारीनं शिकवलं होतं. ते चांगल्या मालातही एक खोट सांगत. म्हणून विश्वास बसावा यासाठी ते म्हणाले, "म्हाळूचं रान तेवढं जरा आकसल्यासारखं दिसलं."

म्हाळू उभा राहिला. "आकसलं? कोणच्या बाजूनं?"

आप्पांनी हात केला तो नेमका म्हाळूच्या बांधाला लागून रान असलेल्या गहिनीनाथच्या दिशेला गेला. "ह्या. दोनेक हात असंल."

पुढं काय झालं ते सांगायला नको. म्हाळूनं पायातलं काढलं, गहिनीनाथनं डोक्याचं काढलं, आणि दोघांना धरता धरता संस्थेचं टेबल मोडलं. अर्जुनरावांनी निकाल दिला की, आकाशातून पाहिलेला साक्षीदार तालुक्यात एकच आहे. सोमवारी आप्पांनी सगळ्यांसमोर कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या समाधीकडे तोंड करावं आणि शपथेवर काय ते सांगावं.

घरी येऊन आप्पा ताटावर बसले आणि उठले. मल्लम्मांनी पाहिलं.

"खरं काय बगितलं तुमी?"

"काय न्हाई. झोपलो व्हतो."

मल्लम्मांनी ताट उचलून झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "किराण्यात खोटं बोला, मी कधी आडवी आले न्हाई. पण मन्मथस्वामींपुढं खोटं बोललात, तर मला तुमचं विमान नको आन् तुमचा शब्द बी नको."

सोमवारी आप्पा उभे राहिले. कपिलधारच्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, "मी काय बी बगितलं न्हाई. बसलो आन् झोपलो. मुंबईतच उठलो."

मग अर्जुनराव हसले. "आप्पा, फुकटच्या खुर्चीत तुमी झोपाल? हे शेंबडं पोर तरी मानंल का?"

"आप्पाच्या खिशात किती दाबले रे गहिनीनाथ तू?" म्हाळू ओरडला.

"खरंच झोपलो," आप्पा काकुळतीनं म्हणाले. "नाष्टा सुदीक खाल्ला न्हाई."

हे शेवटचं वाक्य ऐकून तर कुणाचाच विश्वास बसेना. आणि तेवढ्यात गहिनीनाथ उठला. त्याचे डोळे भरले होते.

"बास कर आप्पा. माज्यासाठी शपथ मोडू नको. एवढा मोठा तू न्हाईस, तरी मोठेपणा दाखवलास." तो म्हाळूकडे वळला. "दोन हात न्हाई. दीड हाय. दोन पेरण्यांमागं सरकवला मी बांध. उद्या मागं घेतो."

आप्पा तोंड उघडं ठेवून खाली बसले.

त्या दिवसापासून नांदूरघाटात आप्पांची अशी काही वट वाढली, की पूर्वी दुकानात घासाघीस करणारी माणसं आता सांगितलेला भाव देऊन मुकाट जात. पण एक वाईट झालं. पुढच्या बस्त्याला त्यांना कुणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कार्ड खिशात, आप्पा गादीवर, आणि गावातले जावई-व्याही रोखीनं कापड घेऊन येताना दिसत. आप्पांनी पुन्हा वर जावं असं गावात कुणालाच वाटत नव्हतं.

मल्लम्मा रोज एकदा आठवण करून देत. "पॉइंट वाळाया लागले असतील."

अखेर आप्पा अर्जुनरावांकडे गेले. "मी न्हाई जात. हिला तेवढं एकदा बसू द्या. उरलेल्यात थोडेच पॉइंट कमी पडतात, दोन-तीन बस्ते करा कार्डावर."

अर्जुनरावांनी चार जाणत्यांना बाजूला घेतलं. खलबत झालं. मग त्यांनी सांगितलं, "वैनी जातील. पण मधल्या बाजूची जागा घ्यायची. खिडकी न्हाई."

निरोप घरी आला तेव्हा मल्लम्मा ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबवायच्या भानगडीत न पडता त्या म्हणाल्या, "बसंन तर खिडकीशीच. न्हाईतर तुमच्या बस्त्याची लुगडी तुमीच नेसा म्हणावं."

अर्जुनरावांनी शब्द दिलेला. बस्ते ठरलेले. अर्जुनरावांच्या पुतणीचं कापड कार्डावर झालं, आणखी दोघांचं झालं, आणि वैशाखात मल्लम्मांचं तिकीट आलं. त्या आठवड्यात शिवारात दिवसभर पहारींचे आवाज येत होते. भर उन्हात, कामाचा हंगाम नसताना, एरवी पारावरून न उठणारी माणसं घामाघूम होऊन बांधाचे दगड उचलून मागं नेत होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. अर्जुनरावांनी तर चार गडी लावले होते.

मल्लम्मा गेल्या, ठाण्याला बहिणीकडे आठ दिवस राहिल्या आणि रेल्वेनं परत आल्या. ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला.

"वैनी," अर्जुनराव जपून म्हणाले, "खिडकी मिळाली व्हती का?"

"मिळाली."

"मग काय काय दिसलं?"

मल्लम्मांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ढग व्हते लई. खालचं काय बी दिसलं न्हाई."

वैशाखातले ढग. सुंदरराव गुरुजींचा हात अर्धा वर आला आणि थांबला, कारण तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हाळूचा कळवळून आवाज आला.

"आन् मग मी गुरुजींचा बांध कावून सोडला?"