खोकल्यावर चालणारी गाडी

"या वयात माझ्यासारखी गाडी चालवणारा दुसरा माणूस दाखवा!" असं पायलटकाका छातीठोकपणे सांगायचे. दाखवणार कोण? त्यांच्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे! काकांसोबत कायम असायचे ते फक्त साखर, रक्तदाब आणि दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू.

त्यात गाडीचा विमा संपला. मुलाने फोनवर बजावलं, "बाबा, नवा विमा मिळाला नाही तर गाडी विकायची. बास!"

काकांना घोर लागला. गाडी गेली की उरलं काय? बागेतलं बाकडं आणि इतरांच्या गुडघ्यांच्या कहाण्या!

विमा कंपनीचा माणूस घरी येणार म्हटल्यावर काकांनी बेत आखला आणि काकूंना सांगितला.

"अगं, तो मला गाडी चालवायला लावणार. तू मागे बस. एकदा खोकलीस की ब्रेक, दोनदा खोकलीस की डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे आपण जायचंच नाही!"

"त्यापेक्षा डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या ना."

"डोळ्यात सुरी घालतात, माहितीये?" म्हणून काकांनी विषय संपवला.

विमावाले साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. सर्दीने बेजार! "गाडी कुठे..." एवढंच ते म्हणाले, तोवर काकांनी त्यांना गाडीत कोंबून पट्टाही लावला.

गाडी गोगलगायीसारखी निघाली. मागून काकू खोकल्या. ब्रेक!

"मांजर होतं, साहेब!" काका ऐटीत म्हणाले. मांजर नव्हतंच, दूधवाल्याची सायकल होती. पण थांबले ना!

गाडी पुन्हा निघाली, आणि साहेबांना खोकला आला. रिकाम्या रस्त्यात काकांनी करकचून ब्रेक दाबला!

"का थांबलात?"

"सावधगिरी!"

साहेबांना धसका बसला, आणि धसक्याने ते दोनदा खोकले. काकांनी चाक डावीकडे फिरवलं!

"अहो, मी नाही! साहेब खोकले, साहेब!" काकू किंचाळल्या. तोवर गाडी शेजारणीच्या कुंड्यांमध्ये जाऊन विसावली होती. टपावर एक शेवंती डुलत होती.

साहेबांनी आधी पट्टा सोडवला. "काका, मी गाडीचे फोटो काढायला आलो होतो हो! चालवायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

काकूंनी मग सगळे आजार घडाघडा सांगून टाकले. काका मान खाली घालून माती झटकत राहिले.

"अहो, साखर आणि रक्तदाब असलेल्यांनाही विमा देतो आम्ही," साहेब म्हणाले. "पण दिसत नसताना चालवायचं नसतं, काका. आज मी होतो. उद्या एखादं पोर असलं तर?"

काकांनी किल्ली काढून काकूंच्या हातात ठेवली.

"डोळे करून घ्या, डॉक्टरांचा दाखला आणा. पॉलिसी मी स्वतः आणून देतो."

मग साहेबांनी गाडीभोवती फिरून फोटो काढले. काढले, काढले, काढतच राहिले.

"एका गाडीचे एवढे फोटो?" काका कुजबुजले.

"फोटोत छान येते हो तुमची गाडी," काकू म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. "सुरी दिसलीच नाही!" असं काका सगळ्यांना सांगत सुटले. दाखला मिळाला, साहेब शब्दाला जागले, पॉलिसी हातात आली. किल्ली बोटावर फिरवत काका खाली गेले, आणि पुढच्याच मिनिटाला त्यांच्या आरोळीने सगळ्या खिडक्या उघडल्या.

"अगं, लवकर खाली ये! आपल्या गाडीला चहूबाजूंनी एवढे पोचे कोणी पाडले?"

काकू सावकाश जिना उतरल्या. "सांगते," त्या म्हणाल्या. "आधी जरा बसून घ्या."