दहा लाख एक

संख्या संयुक्त निघाली की माणसाचे समान भाग करतात, हा आमच्या गावचा जुना नियम आहे आणि त्याप्रमाणे मंगळवारी आमच्या ह्यांची तपासणी होती. ह्यांची संख्या दहा लाख एक. दिसायला अगदी मूळ संख्या. पण दिसण्यावर सरकार चालत नाही.

आमच्या नलूला जन्मतः एकशे एक हा आकडा मिळाला, तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवरच मी भागाकार करून बघितला होता. बाकी शून्य. पोरीचा हात लागला की नवरा गेला! तेव्हापासून बापलेकीला एकमेकांना शिवू दिलं नाही. ह्यांना ठाऊक होतं. नलूला कारण सांगितलं नव्हतं. स्वतःलाच दोष देत बसली असती.

तपासणीला केळुसकर साहेब आले. गावातले शंभराच्या आतले सगळे मूळ अंगणात रांगेने उभे. पहिली दोन आकड्याची, म्हणजे सुतारांची म्हातारी. तिने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाकी एक. मग तीन, पाच, सात. सात तर हात काढेचना, मेला! शेवटी सत्त्याण्णवही हात लावून गेला, तरी हे अखंड.

"पुढचे?" ह्यांनी विचारलं.

"शंभराच्या पुढच्यांना बोलवायचं तर प्रवासखर्च पडतो," साहेब म्हणाले. "तुम्ही मूळ. आता घरच्यांनी पाया पडायचं, की मी शिक्का मारतो. रीत आहे."

मी पडले. माझ्या आकड्याने ह्यांना भाग जात नाही, हे लग्नाआधीच बघितलेलं.

"आणि मुलगी?"

"तिला कावळा शिवलाय," मी म्हटलं.

"आमच्या खात्यात चालतं ते. ये गं बाळ."

"नको साहेब!"

"का बरं?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

कारण सांगावं तर विभागणी, न सांगावं तरी विभागणी. नलू तर आनंदाने धावतच आली. हे मागे सरकले, पाठीला भिंत लागली. ती वाकली.

आवाज काही झाला नाही. पडवीत एकशे एक हे उभे होते, प्रत्येक हातभर उंचीचा, अंगात तोच चौकड्यांचा सदरा. साहेबांनी जवळच्या एकाला तपासलं.

"नऊ हजार नऊशे एक. हा मात्र पक्का मूळ. बाकीचेही तसेच. आता कोणीही हात लावा, काही होत नाही." शिक्का मारून ते चहा न घेताच गेले.

नलूने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "आई गं, मी काय केलं हे?"

तेवढ्यात पुढच्या ह्यांनी तिच्याकडे बघून दोन्ही हात वर केले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने वडलांना उचलून कडेवर घेतलं. बाकीचे शंभर तिच्यासमोर रांग लावून उभे राहिले.