कपिलच्या गाडीचं तेल आणि आबांचा गोठा

रविवारी घोडेगावला जायचं, तर शनिवारी गाडीचं तेल बदलून टाकू, असं कपिलने ठरवलं. एवढंच ठरवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते तेल स्वतःच्या हाताने बदलायचं, असंही त्याने त्याच दमात ठरवलं आणि चहाचे कप विसळणाऱ्या प्रतीक्षाने विसळलेलाच कप पुन्हा विसळायला घेतला.

कारणही तसंच होतं. रविवारी घोडेगावला तिच्या बहिणीच्या, तेजस्विनीच्या लेकीचं नामकरण होतं. लग्नानंतर प्रतीक्षा पहिल्यांदाच माहेरी निघाली होती. शिवाय बाळाचं नाव मावशीनेच निवडायचं आणि मावशीनेच ते पाळण्याशी वाकून कानात सांगायचं, असं तेजस्विनीने बाळ पोटात असल्यापासून कबूल करून घेतलं होतं. नाव ठरलंही होतं. फक्त ते प्रतीक्षाने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. (ती कुणालाच फारसं काही सांगत नसे. पाठवणीच्या वेळी आईने डोळे पुसत बजावलं होतं, "पहिलं वर्ष कमी बोलायचं. आधी माणसं कळू देत." प्रतीक्षाला मुळातच बोलण्याचा कंटाळा. आईचा इतका सोयीचा सल्ला तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.)

आता गाडीबद्दल. येडगावला पाटबंधारे खात्यात लिपिक असलेल्या माणसाने घ्यावी अशी ती गाडी नव्हती. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाने विकायला काढलेली, पिवळीधमक, टर्बो इंजिनाची आणि जमिनीला पोट लावून बसलेली. काट्यावर ताशी दोनशे साठपर्यंत आकडे होते. पण गावात, डिंगोऱ्यात, आल्यापासून काटा साठाच्या पुढे सरकला नव्हता, कारण प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. म्हणून ब्रेकर आला की सासूबाई, फुलाबाई, खाली उतरत, ब्रेकर पायी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत. "गाडी घेतलीस का मला चालायला लावायचं औषध घेतलंस?" असं त्या दर खेपेला विचारत.

सासरे भागुजी, म्हणजे आबा, गाडीत बसलेच नव्हते. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हिच्यात चारा किती बसंल?" आणि उत्तर न ऐकता ते गोठ्याकडे गेले. त्यानंतर त्यांनी गाडीकडे मान वळवून पाहिलं नाही. कपिलला ते फार लागलं होतं.

कदाचित म्हणूनच त्याने सगळा जीव तेलात घातला. नवी नवरी जेवायला वाढतेय आणि नवरा मोबाईलवर कुण्या गोऱ्या माणसाने बर्फात गोठवलेलं इंजिन ऑईल बघतोय, असं महिनाभर चाललं. भीमाशंकरला दोघं फिरायला गेली, तेव्हा धुक्यात तिचा हात हातात घेऊन तो म्हणाला होता, "प्रतीक्षा, घर्षण हाच इंजिनाचा खरा शत्रू आहे."

जुन्नरला मिश्रीलालशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही तो तिला घेऊन गेला.

"शेठ, फुल्ली सिंथेटिक पाहिजे. झीरो डब्ल्यू फोर्टी. आणि डब्यावर कंपनीचं ॲप्रूव्हल पाहिजे."

मिश्रीलालशेठने चष्मा कपाळावर चढवला. "कपिलभाऊ, तेल गाडीला पाहिजे का जावयाला? माझ्याकडं तीन तेलं. एक ट्रॅक्टरचं, एक मोटारसायकलचं आणि एक बाकी सगळ्यांचं."

"शेठ, झीरो डब्ल्यू म्हणजे उणे पस्तीस अंशातसुद्धा गाडी एका सेल्फमध्ये चालू होते."

"मग दुकान हिमालयात शोधा, राव."

घरी फुलाबाईंनीही तेच विचारलं, "डिंगोऱ्यात उणे पस्तीस कवा व्हतं रे?" त्यावर कपिल फक्त दयेने हसला.

शेवटी तेल पुण्याहून मागवलं. बाटल्या आल्या. कपिलने एक बाटली उन्हात धरून प्रतीक्षाला दाखवली. आत मधासारखं पारदर्शक सोनं हललं. मग बाटल्यांवरच्या रेघांवर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने फुलाबाईंच्या दुधाच्या मापाने सगळं तेल स्वतः मोजलं आणि धुऊन वाळवलेल्या एका पांढऱ्या कॅनमध्ये ओतून पडवीत ठेवलं. (त्या मापातून नंतर कुणी दूध घेईना. पण तो वेगळा विषय आहे.)

शनिवारी सकाळी गाडीची पुढची चाकं दगडांवर चढली. कपिल खाली सरपटत शिरला, बोल्ट काढला आणि जुनं काळंकुट्ट तेल घमेल्यात धो धो आलं. मग खालून आवाज आला, "अरेरे."

"काय झालं?" प्रतीक्षाने वाकून विचारलं.

"वायसर. बोल्टाचं वायसर नवं लागतं. ते आणायचंच राहिलं."

तो मोटारसायकलला किक मारून जुन्नरला निघाला. जाता जाता म्हणाला, "आबा जळकं तेल न्यायला येतील. पडवीतला कॅन दे त्यांना!" जळकं तेल म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं तेल. लाकडाला फासलं की वाळवी लागत नाही, म्हणून गावात त्याला भारी मागणी. आबांनी गोठ्याला नवे खांब घातले होते आणि कपिलने त्यांना आठवडाभर आधीच शब्द दिला होता. घमेल्यातलं तेल दुसऱ्या कॅनमध्ये भरून पडवीत ठेवायचं त्याच्या मनात होतं. ते मनातच राहिलं. पडवीत कॅन एकच होता.

आबा आले. गाडीकडे न बघायचा नेम पाळत ते थेट पडवीत गेले, कॅनचं बूच उघडलं आणि आत बोट बुडवलं.

"आयला! जळकं असून असलं? निव्वळ तुपावानी हाय की!"

प्रतीक्षा दारात आली. "आबा, ते..."

"ऱ्हाऊ दे पोरी, लई जड हाय. मी नेतो."

"नाही आबा, ते तेल..."

"सांडत न्हाई गं. बूच घट लावलंय."

तिने तिसऱ्यांदा श्वास घेतला. पण सासऱ्यांच्या हातातली वस्तू कशी काढून घ्यायची, याबद्दल आईने काहीच सांगून ठेवलं नव्हतं. आबा अंगण ओलांडून गेलेसुद्धा. तिने घाईघाईने कपिलला फोन लावला. फोन गाडीच्या बॉनेटवर वाजला. तो गोरा माणूस अजून त्यात बर्फ फोडत होता.

मग तिने बोलायला निमित्त हवं म्हणून चहा केला. तो घेऊन ती गोठ्यात पोचली तेव्हा सगळ्या नव्या खांबांना तेल लागलं होतं आणि आबा उरलेलं तेल म्हशीच्या खुंट्यावर फिरवत होते.

"चहा आनलास? लई शहानी हायेस," आबा म्हणाले.

इतकं कौतुक झाल्यावर बोलणार काय?

कपिल वायसर घेऊन शीळ घालत आला. पडवीत पाहून त्याची शीळ थांबली.

"कॅन?"

"आबांनी नेला. तुम्हीच म्हणालात, पडवीतला दे."

"अगं पण तो... तू बघितलं नाहीस?"

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा 'आबा' म्हणाले मी," प्रतीक्षा म्हणाली.

तो गोठ्याकडे धावला. प्रतीक्षा मागोमाग गेली. आता बापलेकांचं महाभारत होणार, अशी तिची खात्री होती. गोठ्यात खांब नव्या नवरीसारखे चमकत होते. आबा कमरेवर हात ठेवून उभे होते.

"ये कपिल. हे बघ. जन्मात असलं तेल पायलं न्हाई. मी म्हनलं व्हतं, पोरानं पैशाचं वाटोळं केलं. पर न्हाई. ज्या गाडीचं जळकं तेल असलं, ती गाडी काय असंल! वाया न्हाई गेली तुझी गाडी."

कपिलचं तोंड उघडलं. महिनाभर घर्षणावर बोललेला माणूस, पण त्या क्षणी त्याच्या तोंडून तीनच शब्द निघाले.

"बरं झालं, आबा."

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. फुलाबाई म्हणाल्या, "मिश्रीलालकडचं बाकी सगळ्यांचं तेल आन नि घाल."

"टर्बोत? त्यापेक्षा इंजिनात वाळू घाल, आई."

"अहो, उद्या अकराला नामकरण आहे," प्रतीक्षा म्हणाली. (हे तिचं त्या दिवसातलं सर्वांत लांब वाक्य.)

तिच्या चेहऱ्याकडे पाहून कपिलने मोठ्या मनाने तडजोड केली. जुनंच तेल गाळून परत घालायचं, घोडेगावला जाऊन यायचं, मग पुढचं पुढे. त्याने घमेलं गाडीखालून अंगणात ओढलं आणि तो गाळणी आणायला आत गेला.

सिंथेटिक तेलाची एक गोष्ट मात्र खरी निघाली. घर्षण खरोखरच राहत नाही. खुंट्यावरून दाव्याचा फास अलगद वर सरकला, निसटला, आणि म्हैस कुणालाही न दुखवता गोठ्याबाहेर आली. अंगणात तिला उन्हाने कोमट झालेलं एक काळं डबकं दिसलं. काळं डबकं दिसल्यावर म्हैस जे करते ते तिने केलं. कपिल गाळणी घेऊन बाहेर आला तेव्हा ती घमेलं उपडं करून त्यावर समाधानाने लोळत होती.

रविवारी सकाळी शेजारचे कुशाबा पिकअप घेऊन दारात उभे राहिले. "चला पावणं. मला कांदा मंचरला टाकायचाय, तुमाला घोडेगावात सोडतो."

"काका, तुमच्या गाडीत तेल कुठलं आहे?" कपिलने सवयीने विचारलं.

"तेल?" कुशाबा विचारात पडले. "आसंल की."

जुन्नरच्या पुढे टायर बसला आणि तो बदलेपर्यंत अकरा वाजून गेले. घोडेगावच्या घरासमोर पाहुणे स्पोर्ट्स गाडी बघायला रस्त्यावर थांबले होते. पिवळं काही आलं नाही. कांद्याचा पिकअप आला आणि पुढच्या सीटवरून नवी जरीची साडी सावरत, केसांत कांद्याची सालं घेऊन प्रतीक्षा उतरली.

"झालं गं नामकरण," तेजस्विनी रडवेली होऊन म्हणाली. "लोक किती थांबणार? तुझा फोन लागेना. आणि तू ठरवलेलं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. मग सासरच्या आत्याबाईंनी ठेवलं. डॉली."

प्रतीक्षाने पाळण्यात पाहिलं. बाळ शांत झोपलं होतं. तिच्या मनातलं नाव मनातच घट्ट बसलं.

आईने सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "अगं, मग आबांना सांगायचं नाहीस का, हे जळकं तेल नव्हे म्हणून?"

"तूच म्हणालीस, पहिलं वर्ष कमी बोल."

"कमी बोल म्हटलं होतं. मुकी हो म्हटलं नव्हतं!"

ते वाक्य प्रतीक्षाच्या वर्मी लागलं. तिने तिथेच ठरवलं, यापुढे बोलायचं. जे दिसेल ते, तिथल्या तिथे, स्पष्ट. तेवढ्यात फोन वाजला. आबा होते.

"पोरी, पोचलात न्हवं? मी काय म्हनतो, मागच्या बाजूचे खांब राह्यलेत. कपिलला इचार, पुढचं जळकं तेल कवा निघंल. आसंच पायजे म्हनावं, दुसरं न्हाई चालायचं."

कपिल समोर हातवारे करून सांग, सांग म्हणत होता. आईही डोळे वटारून बघत होती. प्रतीक्षाने घसा खाकरला, पाठ ताठ केली, खोल श्वास घेतला.

"विचारते, आबा," ती म्हणाली.