चार नंबरच्या ग्लासाचा सौदा

चव ही गोष्ट माणसाच्या जिभेवर सोडून चालत नाही. जिभेवर सोडली की जो तो आपल्याला आवडेल तेच आवडून घेतो आणि समाजाची घडी विस्कटते. म्हणून सुधारलेल्या जगात चवीचा तक्ता असतो. तासगाव तालुक्यात तो गेल्या फाल्गुनात आला आणि कडू बीअर मूल्यमापन समितीच्या अध्यक्षपदी लालासाहेब तात्यांची एकमताने निवड झाली.

तात्यांची जीभ म्हणजे पंचक्रोशीची सार्वजनिक मालमत्ता. बेदाण्याचा एक दाणा तोंडात टाकला की माल कुठल्या रानातला, किती दिवस वाळवलेला, गंधकाची धुरी जास्त झाली का, हे डोळे मिटून सांगणार. चाळीस वर्षांत दोनदाच चुकले (एकदा दाढ काढली होती, एकदा माल मेहुण्याचा होता). तात्या "चालंल" म्हणाले की माल चालायचा. या जिभेखेरीज मिरवण्यासारखं आपल्याकडे दुसरं काही नाही, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा पुतण्या शिवतेज बंगळुरात शिकून आला आणि घरच्या जुन्या बेदाणा शेडमध्ये त्यानं बीअरचा कारखाना टाकला. साधी बीअर नव्हे, हॉपवाली. हॉप म्हणजे परदेशातल्या एका वेलीची फुलं. ती घातली की बीअर कडू होते, जास्त घातली की जास्त कडू होते आणि अतिच घातली की तिला बक्षीस मिळतं. पाच पिंपांतलं एक निवडून बंगळूरच्या स्पर्धेला पाठवायचं, एवढंच समितीचं काम होतं.

तक्ता घेऊन पुण्याहून संयोगिता मॅडम आल्या. एकूण गुण शंभर: रंग दहा, फेस दहा, वास तीस, कडूपणा तीस आणि 'घोटानंतर तोंडात राहणारी आठवण' वीस. वासाच्या रकान्यात आंबा, संत्रं, ओलं गवत आणि पाइनचं झाड. पाइनचे खास सभासद म्हणून रिटायर्ड सुभेदार ज्योतिबा यांना घेतलं होतं, कारण पलटणीत असताना ते सहा महिने पाइनच्या झाडाखाली तंबूत राहिले होते. बाकी नऊ सभासद बेदाण्याचे व्यापारी आणि चाखायचं सोडून बाकी सगळं बघायला कार्यवाह विश्वजित अडत्या. जीभ धुवायला कोरडे चुरमुरे होते. (आधी भडंग ठेवलं होतं. ते खाल्ल्यावर अकराही जणांना बीअरला लसणाचा वास आला, म्हणून ते उचलावं लागलं.)

पहिले तीन ग्लास सुरळीत पार पडले. गुण कागदावर लिहिले गेले. अभिप्राय असे: 'कडू' सात, 'लय कडू' तीन, 'औषध हाय का?' एक. ज्योतिबांना तिन्ही ग्लासांत पाइन आढळला.

चौथा ग्लास तात्यांनी नाकाशी नेला आणि त्यांचे डोळे खाडकन उघडले. गंधक! चक्क गंधक! पोरानं हे पिंप जुन्या धुरीच्या खोलीत ठेवलं होतं, दुसरं काय. समोर शिवतेज हात बांधून उभा. तात्यांचा जीव कळवळला, पण जीभ काही ऐकेना.

तेवढ्यात कागद संपले. मॅडम म्हणाल्या, "आता गुण तोंडीच सांगा, मोठ्यानं."

"बारा," तात्या म्हणाले.

इथे कार्यपद्धतीत एक बारीकशी अडचण उद्भवली. तासगावात व्यापाऱ्यांच्या बैठकीत मोठ्यानं उच्चारलेला आकडा हा गुण नसतो, ती बोली असते. तिच्यावर चढच बोलायचं असतं. उतरून बोलणं म्हणजे मालाचा आणि मालकाचा अपमान. विश्वजित बावीस वर्षं बेदाण्याचे सौदे पुकारण्याच्या सवयीनं ताडकन उभा राहिला.

"बारा! तात्यांचं बारा! बोला पुढं!"

"अठरा!"

"तीस!"

"साठ! आरं, माल तर बगा!"

ब्याण्णवच्या पुढं मॅडम खुर्चीवरून उठल्या. "अहो, शंभराच्या वर गुण नसतात!"

"मॅडम, मधी बोलू नगासा, सौदा चाललाय," विश्वजित म्हणाला.

"एकशे अठरा!" ज्योतिबांनी हात वर केला. "पाइन हाय गड्या, वरिजनल!"

सगळे तात्यांकडं बघू लागले. तात्यांना दरदरून घाम फुटला. ज्या मालाला सगळा बाजार एकशे अठरा बोलतोय, तो आपल्या जिभेला बाराचा वाटला? गेली की काय जीभ? उद्या पोरंसोरं म्हणतील, तात्याला आता कळत न्हाई. तात्यांनी आणखी एक घोट घेतला. गंधकच होता. त्यांना आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"एकशे एकोणीस," तात्या म्हणाले. "आंबा लागतोय."

"एक वार, दोन वार, तीन वार! माल तात्यांचा!"

टाळ्या पडल्या. पाचवा ग्लास तसाच राहिला. शिवतेजनं तात्यांचे पाय धरले. शेवटची बोली ज्याची त्याचा माल, या नियमानं ते पिंप ट्रॅक्टरवरून तात्यांच्या दारात उतरलं. स्पर्धेला काहीच गेलं नाही, कारण सर्वोत्कृष्ट ठरलेला माल विकला गेला होता आणि दुय्यम माल पाठवणं समितीच्या ध्येयधोरणात बसत नव्हतं.

तात्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, पिंपाचं झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला. "आवं, ह्याला तर गंधकाचा वास मारतोय. तुमाला आला न्हाई?"

"तुला काय कळतंय," तात्या म्हणाले. "त्याला पाइन म्हणत्यात." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पिंप अजून ओसरीवर आहे. आल्यागेल्याला तात्या ग्लास भरून देतात आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत बसतात. आजवर त्रेसष्ट पाहुणे झाले: आंबा एक्केचाळीस, पाइन एकोणीस, दोन्ही तीन. 'गंधक' असं एकानं जरी म्हटलं असतं, तरी तात्यांनी त्याला कडकडून मिठी मारली असती.

तुम्ही नक्की 'गंधक' म्हणाल. तुमचा स्वभावच सडेतोड. मग याच एकदा, ग्लास भरलेला आहे. फक्त गुण चारचौघांत मोठ्यानं सांगायचे आहेत. बोली एकशे एकोणीसवर थांबली आहे. बोला पुढं.