आपलं आपल्या घरात

मी नवा फोन घेतला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी कॅमेरा कसा आहे ते विचारलं. समोरच्या मन्मथअप्पांनी तो चालू न करताच पालथा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "बाई, याचे स्क्रू कुठं हायत?"

स्क्रू नव्हते.

"मग उघडतो कसा?"

"कशाला उघडायचा, अप्पा? नवा आहे."

"म्हंजे चिकटवलेला हाय," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि आजारी माणसाला भेटून निघाल्यासारखे हळूहळू घरी गेले.

अप्पा येलदरीच्या वीजघरातून निवृत्त होऊन बोरीला आले. जन्म सगळा नटबोल्टांत गेला. त्यामुळे ज्या वस्तूला पाना लागत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचा स्वतःचा फोन डब्यासारखा मागून उघडतो. एकदा आठवडी बाजारात तो हातातून निसटला. झाकण भेंडीत गेलं, बॅटरी मिरच्यांत, आणि उरलेला फोन एका शेळीनं हुंगला. अप्पांनी सगळं गोळा करून तिथंच उकिडवं बसून जोडलं आणि भाजीवालीला समजावलं, "बघा मावशी, आमचा पडला की सुटा होतो. बाईंचा पडला की फुटतो." तिनं त्यांना सांडलेल्या मिरच्या निवडायला लावल्या.

घरी त्यांनी एका जुन्या कम्प्युटरचा सर्व्हर केलाय. लग्नांचे फोटो, भजनं, भावकीचे पत्ते, सगळं त्याच्या पोटात. आपली लेकरंबाळं दुसऱ्याच्या मशीनवर कशाला ठेवायची, हा त्यांचा सवाल. "आपलं आपल्या घरात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सर्व्हरचं नाव नंदी. तो देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो, कारण इन्व्हर्टर तिथं आहे. लाईट गेली की "नंदी बसला", आली की "नंदी उठला". थंडीत तो गरम राहतो म्हणून अप्पांची बायको, सुमनकाकू, त्याच्यावर विरजण लावलेलं भांडं ठेवतात. "दही लय घट्ट लागतं. तेवढंच कामाचं हाय ते," असं त्या पाहुण्यांना सांगतात.

अप्पांनी गल्लीतल्या प्रत्येकाला नंदीवर खातं काढून दिलं. माझा पासवर्ड एवढा लांब ठेवला की तो टाइप करेपर्यंत भाजी बुडाला लागायची.

मी शिक्षिका. आमच्या शाळेचा कम्प्युटर अडकायला लागला तेव्हा मी अप्पांना बोलावलं. त्यांनी सगळं पुसून लिनक्स नावाची, कुठल्या कंपनीच्या मालकीची नसलेली सिस्टीम घातली. मशीन पळायला लागलं, पण मराठीचा फॉन्ट घालायचा राहून गेला. पहिलंच पत्र छापलं तर सहीखाली 'मुख्याध्यापक' या शब्दाची अक्षरं तारेवर वाळत घातल्यासारखी सुटी सुटी आली. सर बराच वेळ आपल्या पदाकडे बघत बसले.

"अक्षरं फुटली असतील, सर," अप्पा म्हणाले, "पण मशीन आता तुमचं हाय."

अप्पांच्या मुलीला, सरिताला, नागपूरला बाळ झालं. तिची नोकरी तिकडं, म्हणून बाळंतपणाला काकूच गेल्या. निघताना अप्पांनी त्यांच्या फोनमध्ये नंदीवरून बोलायचं ॲप घातलं. त्याच्यावर चित्रसुद्धा दिसतं म्हणाले. दिसलं. काकूंचा तोंड उघडलेला चेहरा पडद्यावर तसाच थांबला आणि आवाज मागून आला. मग बोरीची लाईट गेली आणि नंदी बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा काकूंनी ऐकवलं, "मी नवऱ्याशी बोलायलेय का बैलाशी?" आणि ॲप काढून टाकलं.

सगळं गाव जे ॲप वापरतं ते अप्पा घालेनात. तत्त्वाचा प्रश्न होता. साधा फोन होताच, पण आधी कोणी लावायचा यावर दोघंही अडून बसले.

काकू मग संध्याकाळी मलाच व्हिडिओ कॉल करायला लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी अप्पा आमच्याकडे यायला लागले. एकदा आमचा पंखा आवाज करतो म्हणून, एकदा बेलची वायर बघायला. कॉल आला की ते स्वयंपाकघराच्या दाराआड सरकायचे.

"आमचे हे जेवायलेत का नीट?" काकू विचारायच्या.

दाराआडून हळूच आवाज यायचा, "जेवलो म्हणावं."

"जेवले म्हणतात," मी सांगायची.

"बीपीची गोळी?"

"घेतली म्हणावं."

असं चार-पाच दिवस चाललं आणि माझ्या लक्षात आलं की आता सर्व्हर मीच होते.

एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "त्यांना सांगा, दाराआडनं धोतराचा सोगा दिसायलाय." सोगा पटकन आत गेला. दुसऱ्या दिवशीपासून अप्पा यायचे बंद झाले.

त्या आठवड्यात काकूंचेही कॉल थांबले. मग सरितानं वडिलांना साधा फोन करून सांगितलं, आईला ताप आहे, सलाईन लावलं होतं, आता घरी आणलंय, काळजी करू नका.

संध्याकाळी अप्पा आले. पंख्याचं, बेलचं काही बोलले नाहीत. सरळ आत येऊन खुर्चीवर बसले. सदऱ्याच्या गुंड्या खालीवर लागल्या होत्या.

"लावा बाई," ते म्हणाले. "तुमच्या फोनवरून."

मी लावला. सरितानं उचलला आणि वडील दिसताच सगळ्यांना दाखवते तसं तिनं आधी बाळ दाखवलं. बाळानं जांभई दिली. मी कौतुक करायला लागले.

"बघितलं," अप्पा म्हणाले. "लय चांगलं हाय. आई कुठंय?"

काकू पडद्यावर आल्या. कानाला रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला.

"जेवलाव का?" त्यांनीच विचारलं.

फोन दोन्ही हातांत धरून अप्पा पुढं वाकले.

"तू जरा उजेडात ये," ते म्हणाले.

काकू ट्यूबलाईटखाली सरकल्या. मी चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, कपात निवला, वर साय आली. बाहेर कॉल चालूच होता आणि कोणी काही बोलत नव्हतं.